रेषेची मागची कड

ऑरिन लुंडबर्गने आपल्या गावच्या विद्यापीठासाठी छत्तीस वर्षांत एकदाही टाळी वाजवली नव्हती. टॅमरॅक फोर्कमध्ये नव्याने आलेल्या माणसाला हे पटायचं नाही, कारण त्या गावात शनिवारी फुटबॉलचा सामना असला की दातांचा डॉक्टरसुद्धा दवाखान्याला कुलूप लावून मैदानाकडे पळायचा. ऑरिनही तिथेच असायचा, तोही चाळीस हजार लोकांपेक्षा मैदानाच्या जवळ. पण तो साखळीवाला होता. साखळीवाल्याने पांढरी बंडी चढवली की सामना संपेपर्यंत तो कुणाचाच नसतो. ओरडायचं नाही, हसायचं नाही, तोंड पाडायचं नाही.

"तुझ्यापेक्षा तो गोलाचा खांब बरा," त्याची बायको आर्डिस म्हणायची. "वारा आला की हलतो तरी."

आठवडाभर तो शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त करायचा. शनिवारी चौघांची टोळी पाहुण्या संघाच्या बाजूला रेषेवर उभी राहायची. दोघांकडे दोन खांब, मध्ये दहा यार्डांची साखळी. संघाने चार प्रयत्नांत चेंडू तेवढा पुढे न्यायचा, नाही जमलं तर तो समोरच्यांच्या हवाली करायचा. तिसरा माणूस कितवा प्रयत्न चालू आहे तो आकडा दाखवायचा. ऑरिनकडे फक्त एक चिमटा असायचा.

त्या एवढ्याशा चिमट्यावर सगळं मोजमाप. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेषा. साखळी जिथे अशा रेषेला छेदते, तिथे रेषेच्या मागच्या, म्हणजे चेंडू नेणाऱ्या संघाकडच्या, कडेवर नेमका चिमटा लावायचा. चेंडू पुरेसा पुढे गेला की नाही अशी शंका आली की पंच तो चिमटा धरून साखळी मैदानाच्या मध्यावर नेतो, चिमटा त्याच रेषेच्या मागच्या कडेवर टेकवतो आणि साखळी ताणायला सांगतो. रेषा चार इंच रुंद असते. चिमटा चुकून पुढच्या कडेवर लागला, तर माप चार इंचांनी सैल पडतं, चेंडू तेवढा कमी नेला तरी चालतो. बघणाऱ्या चाळीस हजारांना ते कधी कळत नाही, टीव्हीवाल्यांना तर नाहीच. ते फक्त लावणाऱ्याला कळतं.

बावीस वर्षं त्या बाजूचा पंच व्हर्नन प्रुइट होता. लांबच्या गावात गणित शिकवणारा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. पहिली काही वर्षं सामन्याआधी तो विचारायचा, "कड कुठली?" आणि ऑरिन म्हणायचा, "मागची." पुढे त्याने विचारणं सोडलं. चिमट्याकडे बघणंही सोडलं. ऑरिनला आयुष्यात मान असा एवढाच मिळाला होता, आणि त्याला तो पुरत होता.

मग लीग मोडली. दहा विद्यापीठांची, शंभर वर्षांची लीग, एका उन्हाळ्यात भंगारात निघाली. डोंगरापलीकडच्या पोर्ट हॅडली विद्यापीठाने पूर्वेकडच्या बड्या लीगशी परस्पर सूत जमवलं होतं, कारण टीव्हीवाल्यांना तिकडचे प्रेक्षक हवे होते. हॅडली गेलं म्हणताच बाकीचेही ज्याला जिथे जागा मिळेल तिथे घुसले. टॅमरॅकला कुणी विचारलंही नाही. आता हॅडलीची पोरं तीन हजार मैल विमानाने जाऊन अशा लोकांशी खेळणार होती, ज्यांना हॅडली नकाशावर कुठे आहे ते दाखवता आलं नसतं. पण पणजोबांच्या काळापासून दर नोव्हेंबरला ज्यांच्याशी झुंजायचं, त्या चार तासांवरच्या टॅमरॅकसाठी त्यांच्याकडे तारीख उरली नव्हती. आणि याला म्हणे प्रगती म्हणायचं! टॅमरॅकने पुढच्या वर्षी कुणाशी खेळायचं, हे विद्यापीठाच्या अध्यक्षालाही सांगता येत नव्हतं. बरे खेळाडू जास्त पैसे देणाऱ्यांकडे आधीच निघाले होते. साखळी तरी राहणार की कॅमेरेच माप घेणार, याचीही खात्री नव्हती. व्हर्ननला लीगचं पत्र आलं होतं, सेवेबद्दल आभार मानणारं. ऑरिनला तेवढंही नाही.

नोव्हेंबरात हॅडलीशी झालेल्या शेवटच्या सामन्याला टॅमरॅक इरेला पेटून खेळलं. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा ते दोन गुणांनी पुढे होते आणि चेंडू त्यांच्याकडेच होता. दहा यार्डांचं एक माप पार पडलं की चेंडू हातात ठेवून वेळ काढायचा, सामना खिशात. नाही पडलं, तर हॅडलीला एक लाथ मारून तीन गुण घेता येतील इतक्या जवळ चेंडू मिळणार होता.

ऑरिन चिमटा लावायला वाकला, तेव्हा त्याच्या मागे हॅडलीचे दोन साहेब उभे होते. अंगात कोट, गळ्यात बिल्ले.

"सुटलो बाबा," एक म्हणाला. "या गावात धड हॉटेल नाही."

"पुढच्या वर्षी इथे खेळायला कोण येणार रे?"

"बकऱ्या."

दोघे खो खो हसले. ऑरिनच्या कानशिलात रक्त चढलं. छत्तीस वर्षं याच बाजूला उभं राहून त्याने हॅडलीवाल्यांच्या शिव्या ऐकल्या होत्या, पण त्या वैऱ्याच्या शिव्या होत्या. त्यांत तुम्हाला मोजलेलं असायचं. आज त्याच्या गावाला कुणी वैर धरण्याच्याही लायकीचं समजत नव्हतं. त्याच्या बोटांनी चिमटा उघडला आणि पुढच्या कडेवर लावला.

पहिला प्रयत्न झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. चिमटा सरकवायला वाकायचं तेवढं काम होतं. ऑरिन ताठ उभा राहिला.

चौथ्या प्रयत्नाला टॅमरॅकचा पोरगा पाच-सहा जणांच्या ढिगात शिरला आणि ढीग उपसल्यावर चेंडू असा सापडला की पुरला की नाही ते कुणालाच सांगता येईना. व्हर्नन धावत आला. खाली न बघता त्याने चिमटा चिमटीत धरला आणि टोळीला घेऊन मैदानात गेला. साखळी ताणली. चेंडूचं नाक खांबाच्या पुढे दोन बोटं होतं.

स्टेडियम कोसळेल असा आवाज झाला. वेळ संपली, पोरं मैदानात उतरली, म्हातारी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. ऑरिनला काहीतरी वाटायला हवं होतं. तो हॅडलीच्या साहेबांकडे बघत राहिला, निदान त्यांचे चेहरे उतरलेले तरी दिसावेत म्हणून. एक जण फोनवर विमानाची वेळ विचारत होता. दुसऱ्याने गर्दीकडे बघून मान हलवली.

"घेऊ दे रे," तो म्हणाला. "एवढंच तर उरलंय त्यांना."

जे मागितलं असतं तर त्यांनी सहज टाकून दिलं असतं, ते ऑरिनने चोरलं होतं.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती. टेबलाशी आर्डिस होती, दोन शेजारी होते, पाद्री होता. ऑरिनला ते पोटात ठेववेना. त्याने सगळं सांगितलं, चिमट्यासकट. सांगून मान खाली घातली आणि कुणीतरी कान उपटील म्हणून वाट बघितली.

एका शेजाऱ्याने टेबलावर असा हात आपटला की कप नाचले.

"अरे लबाडा! इतकी वर्षं साधूसारखा उभा होतास की रे!"

"मी चोरी केली," ऑरिन म्हणाला.

"चोरी कसली? त्यांनी लीग पळवली, तू चार इंच पळवलेस. फिटंफाट!"

पाद्रीसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसत होता. आर्डिसने नवऱ्याची पाठ थोपटली. "अखेर हललास म्हणायचा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकं कौतुक होतं की ऑरिनला रडू आलं. तिला ते आनंदाचं वाटलं.

वसंतापर्यंत गोष्ट गावभर झाली. सकाळी नाश्त्याच्या हॉटेलात अनोळखी माणसं त्याची कॉफी परस्पर सांगायची आणि म्हणायची, "आजोबा, कसा लावलात ते दाखवा ना." चार इंचांचे आठ झाले, आठाचा फूट झाला. छत्तीस वर्षं त्याने कड कधी चुकवली नाही, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

गोष्ट व्हर्ननपर्यंत पोचायच्या आत आपणच सांगावी म्हणून एप्रिलमधल्या एका दुपारी, आर्डिस बाजारात गेलेली असताना, त्याने फोन लावला. हवापाण्याचं बोलणं झालं. व्हर्ननने पंचगिरी सोडली होती. मग ऑरिनने सांगितलं. सबब सांगितली नाही, बकऱ्यांचंही बोलला नाही. फक्त म्हणाला, "शेवटच्या मापाला मी चिमटा पुढच्या कडेवर लावला होता. मुद्दाम."

"मी बघितलंच नव्हतं," व्हर्नन म्हणाला. "तुझा हात होता ना."

"माहितेय मला."

"हं."

"शिव्या दे, व्हर्नन. दोन शिव्या दे, पण बोल."

"नाही रे, शिव्या कशाला." मग वर्गात एखाद्या पोराला गणित परत तपासायला सांगावं तशा हळू आवाजात त्याने विचारलं, "आणि दोन हजार आठ सालचं? ते पावसातलं माप?"

"ते खरं होतं!" ऑरिन जवळजवळ ओरडला. "व्हर्नन, देवाशपथ, ते मागच्या कडेवर होतं. सगळी होती. ही एक सोडून सगळी!"

"बरं," व्हर्नन म्हणाला. "तू म्हणतोस तर असेल."

बावीस वर्षांत व्हर्नन प्रुइटने त्याला असं उत्तर कधी दिलं नव्हतं.