घास, हवी तेवढी

आबाजींच्या तीन मजली इमारतीमागे घासाचे दोन वाफे आहेत. मोशीत मोकळी जागा दिसली की लोक तिथे गाड्या लावतात, पण आबाजींनी वाफे मोडले नाहीत. हा घास म्हणजे लसूणघास, गाईम्हशींचा खुराक. इथल्या जुन्या घरांत त्याला नुसतं घास म्हणतात. गाय विकून दोन वर्षं झाली, तरी आबाजी वेळच्या वेळी विळा घेऊन घास कापायचे आणि पेंढ्या बांधून दारात ठेवायचे. न्यायला कोणी येत नसे.

मी त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, निरंजन, मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत तपासणी खात्यात आहे. आलेल्या मालातला दोष शोधणं हेच माझं काम. हे वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण ऐन वेळी ते माझ्याच लक्षात राहिलं नाही.

जूनमध्ये आबाजींची नात प्राजक्ता नोकरीला बंगळूरला गेली आणि तिचा ससा मागे राहिला. तिने त्याचं नाव मोमो ठेवलं होतं. आबाजींनी पहिल्याच दिवशी ते बदलून सर्जा केलं. "जित्राबाला नाव असं पायजे की हाक मारल्यावर आलं पायजे," म्हणाले. सर्जा दोन्ही नावांना येत नसे.

जाताना प्राजक्ताने फ्रिजवर यादी चिकटवली. बिस्किट नाही. पोळी नाही. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही. गाजर हा खाऊ, बोटाच्या पेराएवढा, आठवड्यातून दोनदा. कोथिंबीर, पुदिना मूठभर. आणि सगळ्यांत वर, खाली दोन रेघा मारून: घास, हवी तेवढी.

आबाजींनी चष्मा लावून यादी वाचली आणि खूश झाले. "पोरगी शिकली, पर घास 'हवा तेवढा' म्हणत्यात हे इसरली," म्हणाले. मी हसलो आणि कामाला गेलो.

छबूबाईंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, ती यादी म्हणजे अपमानच वाटला. दारी आलेल्याला बिस्किट द्यायचं नाही हे कसलं घर, असं त्यांचं म्हणणं. आबाजींनी मात्र यादी कायद्यासारखी पाळली. एकदा गाजराचा तुकडा नखभर मोठा कापला गेला, तर जास्तीचा त्यांनी स्वतः खाल्ला. घास मात्र सढळ. दोन वर्षांनी वाफ्याला खाणारं तोंड मिळालं होतं, आणि म्हातारा सकाळी सहालाच विळा घेऊन तयार असे.

दिवाळीनंतर सर्जा पाठ वर काढून कोपऱ्यात बसायला लागला. लघवी कालवलेल्या चुन्यासारखी पांढरी आणि घट्ट. अशक्तपणा असेल म्हणून आबाजींनी पेंढी वाढवली. मग आम्ही त्याला आकुर्डीला डॉक्टरांकडे नेलं. त्या तरुण बाई इंदूरकडच्या, मराठी समजत नव्हतं.

"क्या खिलाते हैं?"

"घास," आबाजी म्हणाले.

"बहुत बढ़िया. और?"

"घासच."

इतकं शिस्तीत सांभाळणारं माणूस फार दिवसांनी भेटलं, असं बाई म्हणाल्या. औषध लिहून दिलं आणि घासच देत राहा म्हणून बजावलं. आबाजींनी घरी येऊन पिंजऱ्यात पूर्ण पेंढीच सोडून दिली.

आठवड्याने सर्जाने खाणं सोडलं. या खेपेला टोपलीत त्याच्याखाली आबाजींनी घास पसरला होता, वाटेत इच्छा झाली तर असावा म्हणून. बाईंनी एक काडी उचलली.

"ये क्या है?"

"घास."

"ये घास नहीं है."

त्र्याहत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला आकुर्डीत कोणीतरी घास शिकवत होतं. आबाजींनी मोठ्या मनाने घेतलं. "बाई, ह्यो घासच हाय," असं हळू आवाजात समजावलं. बाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. साधं, बांधावरचं गवत.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीत घास म्हणजे गवत, आणि हिंदीत ती घास. प्राजक्ताची दिवसभराची बोली हिंदी-इंग्रजी, यादीत घास उतरली ती तिथूनच. दोष एका वेलांटीत उघडा दिसत होता आणि मी त्याला हसून पुढे गेलो होतो. मला माझीच लाज वाटली.

लसूणघासात कॅल्शियम फार. वाढत्या पिल्लाला तो चालतो, पण मोठ्या सशाच्या मूत्राशयात त्याचा गाळ साचतो. बाईंनी गुंगी देऊन दुपारपर्यंत तो धुऊन काढला. मग म्हणाल्या की संध्याकाळपर्यंत गवत खायला लागला तरच जगेल, सशाचं पोट रिकामं राहिलं की बंद पडतं. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. गवत हा शब्द दोनदा सांगितला.

मोशीत गवत शोधायला लागल्यावर कळतं की ते नाही. सोसायट्यांच्या हिरवळीवर फवारणी, रस्त्याकडेला धूर आणि कुत्री. आबाजींच्या परड्यात हरळीची काडी नव्हती, कारण पन्नास वर्षं त्यांनी ती मुळासकट उपटली होती. शेवटी ते मला स्वतःच्या, आता विकलेल्या शेताकडे घेऊन गेले. आता तिथे पत्र्याचं कुंपण आणि इमारतीचे खांब. राखणदाराची परवानगी काढून आम्ही कडेच्या जुन्या बांधाशी गेलो.

"हितं असंल," आबाजी वाकत म्हणाले. "हिला मी कदी संपवू शकलो न्हाई."

हरळी होती. आम्ही घरी आणून ती तीन पाण्यांनी धुतली. आबाजी फरशीवर बसले आणि एक काडी सर्जापुढे धरली. त्याने तोंड फिरवलं.

"मीच मारला ह्याला," ते म्हणाले. "गावाची गुरं बरी केली, आन् ह्याला माज्या हातानं मारला."

काडी खाली ठेवली नाही. पाऊण तास तशीच धरून बसले. साडेपाचच्या सुमाराला सर्जाने नाक हलवलं, टोक तोंडात घेतलं आणि कुरकुर आवाज करत सगळी काडी आत ओढली. आबाजी रडले, लाजले नाहीत. मीही रडलो.

तेवढ्यात प्राजक्ताचा फोन आला. छबूबाईंनी तो स्पीकरवर लावून आबाजींपुढे धरला. आबाजींनी तिला गाळापासून हरळीपर्यंत सगळं सांगितलं.

"आबा," ती म्हणाली, "यादीत मी घास लिहिलं होतं ना?"

मी फ्रिजला टेकून उभा होतो. आबाजींनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "तू गवतच लिवलं व्हतं. मीच वाचाया चुकलो." मग दुसरी काडी उचलली. "ठिव आता. त्यो खातोय."