मराठीत बोलणारा दलाल

कोडैकानलच्या एका रिसॉर्टमध्ये दरवर्षी आठवडाभर राहण्याचा हक्क अप्पांनी निवृत्त होताना विकत घेतला होता. आईच्या गुडघ्यांमुळे जाणं थांबलं, पण देखभालीचं बिल येतच राहिलं. अप्पांना तो हक्क विकून मोकळं व्हायचं होतं.

मग तो हक्क विकून देतो म्हणणाऱ्या एका दलालाचा फोन आला. असल्या फोनना अप्पा तमिळमध्ये चटकन वाटेला लावतात. हा माणूस मात्र पुण्याकडच्या मराठीत बोलला. "काका, तंजावरची मराठी ऐकून कान तृप्त झाले बघा." अप्पा खुर्चीत ताठ बसले. महाराष्ट्रातले पाहुणे आम्हा तंजावरकरांच्या बोलण्याला हसतात. कौतुक कुणी कधी केलं नव्हतं. गिऱ्हाईक तयार होतं म्हणे, फक्त हस्तांतरणाचा कर आधी भरायचा होता.

मी हळूच म्हटलं, "अप्पा, खरा दलाल विक्री झाल्यावर आपला वाटा घेतो. आधी पैसे मागतो तो फसवतो. रिसॉर्टला विचारू या ना."

"इंग्रजी शाळेत हेच शिकलीस? आपल्या माणसावर संशय घ्यायला?"

यापुढे भांडायला माझी मराठी पुरत नाही, आणि इंग्रजीत बोलले असते तर ते उठून गेले असते. दुपारी ते बँकेत जाऊन पैसे भरून आले.

आता तो दलाल फोन उचलत नाही. कॉफी झाली की अप्पा नंबर लावतात, रिंग संपेपर्यंत फोन कानाशी धरतात.

"बरं नसेल बिचाऱ्याला," ते आईला सांगतात. मी पेले उचलून आत नेते.