वळणावरचा लिंब

झाडं कापायच्या मशिनी दुरुस्त करणारे आमच्या भोकरचे मिस्त्री भलते तिरसट. दुकानापुढच्या कडुलिंबाला कुणाला टेकूसुद्धा द्यायचे नाहीत. "सरका! तेलकट हात लावू नका," म्हणून खेकसायचे. दुरुस्त झालेली मशीन ओंडक्यावर चालवून बघितल्याशिवाय कुणाला द्यायचे नाहीत. तोंड धुतलेलं पाणी घमेल्यात धरून लिंबाला घालायचे, दुष्काळात तर आवर्जून.

त्या दिवशी मी माझी मशीन न्यायला दुकानात आलो होतो, तेवढ्यात पाण्याचा टँकर वळणावर लिंबापाशी अडला. काही केल्या वळेना. "मी वापस चाललो," ड्रायव्हर म्हणाला. घागरी घेतलेल्या बायका नुसत्या लिंबाकडं बघत राहिल्या. मिस्त्रींना सांगणार कोण?

मिस्त्रींनी नुकतीच दुरुस्त केलेली माझी मशीन उचलली आणि दोरी ओढली. मला वाटलं, ओंडक्यावर चालवतील. त्यांनी ती थेट लिंबाच्या बुंध्याला लावली.

झाड आडवं झाल्यावर मशीन माझ्या हातात देत म्हणाले, "बराबर चालून राहिली. घेऊन जावा."

लोकांनी फांद्या ओढल्या, टँकर आत गेला. मी मशीन धरून तसाच उभा. मिस्त्रींनी तोंड धुतलं आणि घमेल्यातलं पाणी नेऊन बुडख्यावर ओतलं.