दाराला लावलेली खाण

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. टेकडीच्या वाटेवर पन्नाशी ओलांडलेला एक माणूस खडकाच्या खळग्यात सिमेंट भरत होता. गवंडी नव्हे. तो या टेकडीचा वाटाड्या आणि पायथ्याच्या पत्र्याच्या शेडचा राखणदार. टेकडीला ड्रिलने भोकं पाडून काढलेल्या दगडाच्या लांब कांड्या त्या शेडमध्ये खोक्यांत रचून ठेवल्या आहेत. लोक त्याला ‘नमुना’ म्हणतात. कंपन्यांना दगडांचे नमुने काढून देतो म्हणून, असं तो सांगतो. बायको दुसरं कारण सांगते.

टेकडीत गारगोटीची एक शीर आहे. कुठे हातभर रुंद, कुठे बोटभर. तिच्यात शिसं आहे, जस्त आहे, तांबं आहे, नावाला चांदीही आहे. लग्न जुळवणाऱ्याच्या तोंडी मुलाचे गुण असतात तसे सगळेच थोडे थोडे. संसार चालेल एवढं एकही नाही.

सगळ्यात आधी एका हौशी माणसाने इथे बोगदा खणला. शीर डावीकडे वळली, तो सरळ गेला. मग सरकारी खातं आलं. त्यांनी सुंदर नकाशा काढला आणि कपाटात ठेवला. त्यानंतर चार कंपन्या आल्या. प्रत्येकीने शिरेला नवं नाव दिलं. एकीने तर मालकाच्या मुलीचं. प्रत्येकीने पहिला नमुना मात्र एकाच जागेवरून घेतला. वाटेच्या कडेला, सावलीत, बसल्या बसल्या हातोडी मारता येईल अशा उंचीवर खडकाचा ताटाएवढा भाग चमकत होता. तिथला तुकडा प्रयोगशाळेत गेला की घसघशीत आकडा येई. वरचे साहेब हुरळत, ड्रिल येई आणि खाली शीर दोऱ्याएवढी होऊन गडप होई. कंपनी जाई. कांड्या सांभाळायला राखणदार राही, आणि पुढची कंपनी त्याचा पगार चालू ठेवी.

घोटाळा झाला तो चौथ्या कंपनीच्या संचालकामुळे. निरोप घेताना त्याने त्या चमकत्या जागेचा उरलासुरला तुकडाही टेबलावर ठेवायला म्हणून फोडून नेला. सगळ्यांनी मिळून टेकडीतली एकमेव श्रीमंत जागा नमुने घेऊन घेऊनच संपवली. आणि आज पाचव्या कंपनीच्या भूवैज्ञानिक मॅडम यायच्या होत्या. त्या ‘नको’ म्हणाल्या, तर शेडला कुलूप. एकाच खडकाची तारीफ करण्याखेरीज काही न येणाऱ्या माणसाला या वयात कोण कामावर ठेवणार?

घरी मात्र एक दगड होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आणलेला, शिशाने जड झालेला, स्वयंपाकघराच्या हिरव्या दाराला अडण म्हणून लावलेला. आदल्या संध्याकाळी त्याने तो उचलला.

“दाराचा दगड कुठे चालला?” बायकोने विचारलं.

“कामाचा आहे.”

“अगंबाई! या घरातून कामाचं काहीतरी निघालं म्हणायचं. आणि दार आपटत राहील त्याचं काय?”

“दुसरा आणतो टेकडीवरून.”

“अहो, टेकडीवरचा दगड घरात आणि घरातला टेकडीवर! याचाच पगार देतात का तुम्हाला?”

नऊच्या सुमाराला मॅडम आल्या. मुलीच्या वयाच्या, खांद्याला पिशवी, हातात हातोडी. नमुन्याने नेहमीचं आख्यान लावलं. “बसा मॅडम, सगळे इथेच बसतात. हे बघा, कसं झळकतंय! खाली अख्खा डोंगर असाच आहे.”

मॅडमनी हातोडी मारली. तुकडा उडाला नाही. दगडच्या दगड सिमेंटसकट मांडीवर आला. त्यांनी तो उलटा केला. एका कडेला हिरव्या रंगाचा पट्टा होता.

“शिसं, जस्त, तांबं आणि ऑइलपेंट,” त्या म्हणाल्या. “हे शेवटचं खनिज अहवालात नव्हतं.”

“ऊनपाऊस लागून कधी कधी रंग—”

“सिमेंट ओलं आहे, काका.”

“शेड बंद करू नका, मॅडम. दगड माझ्या घरचा आहे. स्वयंपाकघराच्या दाराचा.”

“कोण बंद करतंय? ड्रिलिंग मागच्याच महिन्यात ठरलंय. पेपरात बातमीसुद्धा देऊन झाली. मशीन निघालंय.”

“मग तुम्ही कशाला आलात?”

“ठरवायला.” मॅडमनी शेजारच्या कोऱ्या गारगोटीचा एक तुकडा फोडून पिशवीत टाकला आणि दाराचा दगड त्याच्या हातात दिला. “हा घरी न्या. दार आपटत असेल.”

नमुना दगड घेऊन टेकडी उतरला. अर्धी बादली सिमेंट घालून त्याने जी नोकरी वाचवली, ती महिनाभर आधीच वाचलेली होती. बायकोने दगड बघितला, चिकटलेलं सिमेंट बघितलं.

“नापास झाला वाटतं?”

“नोकरी राहिली.”

“दगडाचं विचारत होते मी,” ती म्हणाली आणि पायाने तो दाराखाली सरकवला.

ड्रिलचा ट्रक उद्या सकाळी आठला पोचेल. नवं भोक जुन्या चार भोकांच्या शेजारीच पाडायचं आहे, कारण ट्रक उभा राहील एवढी सपाट जागा टेकडीवर तेवढीच आहे.