कॉईलताईंच्या मागच्या खोलीत वीज येते

त्या दिवशी गजराने कॉईलताईंना उठवलं नाही, त्यांनीच गजराला गप्प केलं, तेही तो वाजायच्या आधी. पायांत चपला अडकवून त्या थेट मागच्या खोलीत गेल्या आणि अंधारातच नव्या बोर्डावरून हात फिरवून आल्या. आज वायरमन यायचा होता. तो ताईंनी केलेलं काम तपासणार, मेन लाइन जोडणार आणि मग खोलीत वीज खेळणार. चहाचं आधण ठेवतानाही त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. साखर दोनदा पडली. अप्पांनी तो पाक तोंड वाकडं न करता संपवला. दिवस साधा नाही, हे त्यांनीही ओळखलं होतं.

कॉईलताई हे नाव गल्लीने दिलेलं. पंख्यांच्या कारखान्यात कॉईल भरण्यात त्यांची उभी हयात गेली. केसासारखी तांब्याची तार बोटांमधून सोडायची, वेढे मोजायचे, भरलेली कॉईल ट्रेमध्ये ठेवायची की ती पुढच्या टेबलावर जायची. तिचं पुढे काय होतं, ते बघायला सवड कुणाला होती? बँकेत गेल्या, दवाखान्यात गेल्या की ताईंची मान आधी वर व्हायची. ह्या पंख्याच्या पोटात आपली कॉईल असेल का, असं मनात यायचं. पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत एक अख्खी वस्तू आपल्या हातून व्हावी, ही हौस तिथलीच.

निवृत्त झाल्या आणि त्यांनी मागच्या खोलीवर मोर्चा वळवला. खोली कसली, अडगळच ती. तुटके पलंग, फुटक्या बादल्या, लेकीची लहानपणची सायकल. सगळं निघालं. गवंड्याने भिंतीत खाचा पाडून पाइप बसवले, वरून गिलावा आणि चुना केला. त्या पाइपांमधून वायर ओढायचं काम मात्र ताईंनी कुणाला करू दिलं नाही. वायरमनने कागदावर आखून दिलं, समजावलं आणि बजावलं, की मेनला हात लावायचा नाही, ते मी येऊन जोडेन. परवाना त्याचा, हात ताईंचे, असा करार ठरला. काल सकाळी त्यांनी दोन टोकं जुळली की वाजणारा छोटा मीटर लावून एकूण एक वायर स्वतः तपासली होती. सगळं चोख होतं.

खोलीच्या मधोमध होता लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कोरायचं यंत्र. तोही घरचाच. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने भंगारात काढलेल्या वॉशिंग मशीनची मोटर, सायकलचा एक बेअरिंग, पलंगाची लोखंडी पट्टी आणि बरीचशी जिद्द, एवढ्यावर तो उभा राहिला होता. फिरला मात्र अजून नव्हता.

अप्पा म्हणजे ताईंचे यजमान. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचे केस पांढरे झाले. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांना जेवताना खडा लागावा तशी लागायची. विजेला मात्र त्यांचा लांबूनच नमस्कार. घरातला बल्ब बदलायचा तर हे अंगणात जाऊन उभे राहत. बोर्डावरच्या बटणांखाली ताईंनी खडूने नावं लिहिली होती, दिवे, सॉकेट, मशिन. अप्पांनी ती पुसून आपल्या मोत्यासारख्या अक्षरात पट्ट्या लिहिल्या आणि चिकटवल्या. 'मशीन'मधला शी दीर्घ झाला. एवढ्यापुरतेच ते बोर्डाजवळ गेले, श्वास रोखून.

वायरमन आला. उंच, अबोल माणूस. खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल. त्याने एकेक सॉकेट उघडायला सुरुवात केली तशी ताईंना शाळेत वही तपासायला दिल्यासारखं झालं. तिसऱ्या सॉकेटशी तो थांबला. त्याने हिरवी वायर दोन बोटांनी ओढली आणि ती सरळ हातात आली. अर्थिंगचा स्क्रू आवळायचा राहून गेला होता. ताईंचे कान तापले. मीटर लावताना वायर टेकलेली होती, म्हणून तेव्हा कळलं नाही. वायरमनने स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी स्क्रू आवळला, वायर ओढून पाहिली, पुन्हा आवळला. मग न सांगता मागच्या दोन्ही सॉकेटचेही आवळून आल्या.

बाकी काम त्याला पसंत पडलं. त्याने मेन लाइन जोडली आणि दिव्यांचा स्विच वर केला. खोली लख्ख उजळली. ताईंनी टाळी वाजवायला हात वर नेले आणि तसेच खाली आणले, वायरमन काय म्हणेल म्हणून. मग त्याने सॉकेटचा स्विच वर केला. खट् आवाज झाला आणि स्विच आपोआप खाली पडला. पुन्हा वर केला, पुन्हा खट्.

"कुठेतरी दोन तारा एकमेकींना भिडल्यात," वायरमन म्हणाला.

खरं तर ताईंचा चेहरा पडायला हवा होता. पण झालं उलटंच, त्यांना स्फुरण चढलं. कारखान्यात बिघडलेली कॉईल सापडली की सगळ्या जणी ती त्यांच्याच टेबलावर आणून टाकायच्या. बिघाड शोधायचा तर वाट अर्ध्यावर तोडायची, चांगला अर्धा बाजूला ठेवायचा आणि उरलेल्याच्या मागे लागायचं. त्यांनी हे सुचवलं तेव्हा वायरमनही नेमका मधलं सॉकेट उघडायला वाकला होता. दोघांना हसू आलं.

मेन बंद केला. मधल्या सॉकेटच्या वायरी सोडल्या आणि मीटर लावला. बोर्डाकडचा अर्धा भाग निर्दोष. पुढच्या अर्ध्या भागात मीटर लगेच वाजला. मग खिडकीजवळचं सॉकेट उघडलं. तिथपर्यंतही ठीक. म्हणजे घोटाळा खिडकीजवळच्या आणि दाराजवळच्या सॉकेटच्या मधे, भिंतीच्या पोटात. पण कालपर्यंत शहाण्यासारख्या वागणाऱ्या वायरी एका रात्रीत बिथरल्या कशा? ताईंनी भिंतीवरून तळहात फिरवत नेला. चुना गुळगुळीत, कुठे ओल नाही, भेग नाही. पुढे उघडं दार भिंतीला टेकलेलं होतं. त्यांनी ते ओढून घेतलं.

दारामागे भिंतीवर घडीची लोखंडी खुर्ची टांगलेली होती. दोन लांब खिळ्यांवर.

अप्पा उंबऱ्यात उभे होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"अहो, ही इथे कधी आली?"

अप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. काल संध्याकाळी तू बाजारात गेली होतीस तेव्हा, असं त्यांनी सांगितलं. आणि मग, भिंतीकडे बघत म्हणाले, "तू आता दिवसभर इथेच असणार. तिकडे मी एकटा काय करू? म्हटलं, इथे येऊन पेपर वाचत बसेन. तुझ्या पायात नको, म्हणून टांगायची सोय केली."

वायरमनने खुर्ची अलगद उतरवून ठेवली. मग तो म्हणाला, "अप्पा, खिळा दोन्ही तारांना लागला म्हणून स्विच पडला आणि आपल्याला कळलं. एकट्या फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला लागला असता, तर ह्या लोखंडी खुर्चीला हात लावणाऱ्याला शॉक बसला असता." अप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हात आपोआप पाठीमागे गेले.

ताईंच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. विचारायचं तरी, निदान सांगायचं तरी. पण त्यांची नजर खिळ्यांवर गेली. दोन्ही अगदी एका रेषेत. मधे पेन्सिलीची पुसट रेघ होती, पट्टी धरून ओढलेली. ज्या माणसाने जन्मात हातोडी धरली नाही, त्याने डाव्या अंगठ्यावर दोन-चार फटके नक्की खाल्ले असणार. अंगठा खरंच निळा होता. काल रात्रभर तो त्यांनी मुठीत लपवला होता. ताईंचा राग बसायला जागाच मिळेना.

"जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात," त्या म्हणाल्या. "आज तुमची सापडली."

"छापून जायच्या आधी सापडली," अप्पा हळूच म्हणाले.

वायरमन इतका वेळ गंभीर होता, तो आता हसला. ताईही हसल्या, आणि मग पदर खोचून कामाला लागल्या. पकडीने खिळे उपसले. वायर बदलायची म्हणजे जुनीच्या टोकाला नवी बांधायची, एकीकडून ओढायची आणि दुसरीकडून आत सोडत जायचं. दारापाशी ताई ओढायला बसल्या, पाइपच्या वळणापाशी वायरमन कान लावून उभा राहिला. खिडकीपाशी वायर सोडायला माणूस हवा होता. ताईंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मेन बंद आहे ना, असं विचारलं. आहे म्हटल्यावर पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा वायरमनने त्यांना बोर्डाशी नेऊन पडलेला खटका दाखवला आणि टेस्टर लावून दाखवला. तेव्हा कुठे ते खिडकीखाली मांडी घालून बसले आणि त्यांनी वायर हातात घेतली, मांजराचं पिल्लू धरावं तशी.

सोडा, थांबा, सोडा, असं सुरू झालं. वळणावर वायर अडली. कितीही ओढली तरी हलेना. ताई धावत आत गेल्या आणि पावडरचा डबा घेऊन आल्या. वायरीला पावडर चोळली, खोलीभर गुलाबाचा घमघमाट सुटला आणि वायर सुळ्ळकन सरकली. जुनी वायर बाहेर आली तेव्हा तिच्यावर खिळ्याचा चावा स्पष्ट दिसत होता, आत तांबं चमकत होतं. अप्पांनी तो तुकडा चष्म्यासमोर धरून बराच वेळ पाहिला.

सगळं पुन्हा जोडून, मीटर लावून झाल्यावर वायरमन स्विचकडे वळला. ताईंनी त्याला थांबवलं आणि अप्पांना पुढे केलं. अप्पांनी नको म्हणून पाहिलं. मग डोळे मिटून, निळा अंगठा बाजूला ठेवत, एका बोटाने खटका वर ढकलला. आवाज झाला नाही. त्यांनी एक डोळा उघडला. खटका वरच होता.

आता लेथ. ताईंनी सुरक्षेचा चष्मा चढवला, मोडक्या टेबलाच्या पायाचा एक तुकडा यंत्रात घट्ट बसवला आणि बटण दाबलं. मोटर घुमली, पट्टा फिरला, लाकूड फिरलं. ताईंचा जीव सुपाएवढा झाला. पण पटाशी टेकवली तर लाकूड कोरलं जायच्याऐवजी पटाशीच वर उचलली जाऊ लागली. लेथ उलटा फिरत होता. यावर ताई हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एका वायरीची तर जागा बदलायची होती. त्यांनी प्लग काढला, वायरमनने मोटरच्या कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीज उतरवून दिली आणि त्यांनी वायर एका टोकावरून दुसऱ्यावर नेली.

दुसऱ्यांदा लेथ सुलटा फिरला. पटाशी टेकताच लाकडाचा पहिला पापुद्रा सोललेल्या सफरचंदाच्या सालीसारखा गोल गोल निघाला आणि थेट वायरमनच्या खिशात पडला. मग दुसरा, तिसरा. चौकोनी तुकडा बघता बघता गोल झाला, मधे फुगला, टोकाला निमुळता झाला. मधेच पटाशी अडकली आणि एक खोल चर पडला. ताई थांबल्या, पटाशीचा टेकू लाकडाच्या आणखी जवळ सरकवला, श्वास सोडला आणि पुन्हा सुरू झाल्या. अप्पा भुशाने पांढरे होऊन शेजारी उभे होते आणि मागे सरकायचं नाव काढत नव्हते.

झाली ती कानशीची मूठ. मधला चर तेवढा राहिला. ताईंनी ती कानशीवर ठोकून बसवली, तळहातात धरली आणि वायरमनला दिली. त्याने हातात तोलून पाहिली, परत दिली आणि जरा घुटमळत विचारलं, सुट्टीच्या दिवशी मी आलो तर मलाही एकदा फिरवू द्याल का? ताई म्हणाल्या, एकदाच कशाला, डबा घेऊन ये. तो गेला तेव्हा लाकडाचा पापुद्रा त्याच्या खिशातच होता.

दुपारी लेकीचा फोन आला. पाइप, खिळा, पावडर, उलटा लेथ, सगळं ताईंनी एका श्वासात सांगितलं. लेकीला मधे शिरायला फट मिळेना. शेवटी तिने विचारलं, दोघं जेवलात का? तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तांदूळ सकाळी भिजत घातले होते, ते तसेच भिजत पडले होते.

जेवण उरकलं, पण ताईंचं बूड काही टेकेना. टेबलाचा पाय संपला होता आणि हात शिवशिवत होते. त्या घरभर हिंडून लाकूड शोधू लागल्या. बैठकीतल्या टीपॉयपाशी थांबल्या, वाकल्या आणि त्याचा एक पाय बोटांनी वाजवून पाहिला. अप्पांनी लगेच टीपॉयवरचा पेपर उचलला, टीपॉय काखेत मारला आणि तो आतल्या खोलीत नेऊन पलंगाखाली सरकवला.