रणदिवेसरांचं चुंबक

सकाळचे सव्वाआठ. धाराशिवच्या कॉलेजातली रसायनाची प्रयोगशाळा. दार बंद, खिडक्या बंद, आत तीन माणसं श्वास रोखून उभी. त्यातला एक मी.

मी बातमीदार. तिथं बातमीला जायचो आणि किस्से घेऊन परतायचो. बातमी छापून संपते. संपादकानं नाकारलेलं मात्र साठत जातं. आता नाकारायला तो नाही, म्हणून सांगतो!

तिथं शिकवणारे रणदिवेसर माझे हैदराबादच्या कॉलेजातले दोस्त. कुठला पदार्थ चुंबकाकडं ओढला जातो, कुठला दूर सारला जातो आणि किती, हे ते मोजत. क्षाराची पूड काचेच्या नळीत भरायची, नळी तराजूला टांगून चुंबकाच्या दोन टोकांमध्ये सोडायची आणि वजन किती बदललं ते बघायचं. वारा चालत नाही, खोकला चालत नाही. आठ क्षार मोजून त्यांना प्रबंध द्यायचा होता. मेअखेर दिला नाही तर नोकरी जाणार, असं लेखी आलं होतं.

*

प्रयोगशाळेत लोखंडाला बंदी. एकदा खुद्द प्राचार्य खिळ्यांच्या वहाणा वाजवत आले. प्रयोगशाळेचा शिपाई नबीलाल दारात आडवा!

"अरे, मी प्राचार्य आहे!"

"व्हय साहेब. पण तुळजापुरात वहाणा काढता न्हवं? ती देवी तरी माफ करंल, हा तराजू न्हाय करत!"

*

सरांचे वडील अणदूरचे शेतकरी. सरांनी त्यांना मोठ्या हौसेनं सांगितलं, "बाबा, मोरचूद चुंबकाकडं ओढला जातो. मीठ दूर सारलं जातं."

"मोरचुदाच्या पाण्यात बी भिजवून ज्वारी पेरतो आमी. कणसावर काणीचा रोग पडत न्हाय."

"पण तो ओढला जातो हे माहीत होतं तुम्हांला?"

"न्हाय बा. काणीलाबी म्हाईत नव्हतं. तरी गेलीच की!"

*

एक पुढारी भेटीला आले. दोन माणसांना न हलणारं ते चुंबकाचं धूड बघून खूश झाले. "किती मण उचलतं हो?"

"उचलत नाही, साहेब. केसाच्या वजनाएवढा फरक दाखवतं."

"एवढ्याशा कामाला एवढं मोठं धूड?"

नबीलाल माझ्या कानात म्हणाला, "सायबाला बघून मला बी हेच पुसावं वाटालंय!"

*

तिथले स्टोअरकीपर हिप्परगेअण्णा. कॉलेजच्या प्रत्येक वस्तूवर डेडस्टॉक रजिस्टरातला नंबर घातल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. सुट्टीत त्यांनी सरांच्या काचेच्या नळ्यांवरही लाल रंगानं नंबर घातले. सुबक!

सुट्टीनंतर मीठ चुंबकाकडं ओढलं जायला लागलं. जगात आजवर न घडलेलं! सरांनी हैदराबादला आपल्या गुरुजींना पत्र धाडलं. पंधरा दिवस झोप नाही. शेवटी नबीलालनं एका नळीचा रंग खरवडला, तर मीठ सुतासारखं सरळ. तो रंग गेरूचा, गेरूत लोखंड!

"सर, मीठ न्हाय," नबीलाल म्हणाला, "अण्णा ओढले जायलेत!"

*

सहा क्षार मोजून झाले. उरलेले दोन आणायला मेच्या सुरुवातीला सर येडशीहून गाडीनं हैदराबादला गेले. चौथ्या दिवशी परतले, तर टेबलावर चुंबक नाही. बोल्टांची चार भोकं तेवढी.

सर भोकांवर हात ठेवून उभे राहिले. "नबीलाल, कुठं गेलं?"

"बैलगाडीत घालून नेलं सर. म्या आडवा झालो. भंगारवाले म्हणले, कागुद हाय."

कागद मी स्वतः वाचला. जुन्या सामानाच्या तपासणी समितीचा अहवाल, खाली तारीख आणि तीन सह्या: 'चुंबक वीज देऊन तपासले. खिळाही धरत नाही. भंगारात काढण्यात यावे.'

मी अण्णांना गाठलं. "अहो, हे विजेवरचं चुंबक. बटण तरी दाबलं होतं का?"

"दाबलं म्हणून लिवलंय की सायबांनी. लिवलेलं खोटं असतंय व्हय?"

भंगारवाल्यानं तोवर तांब्याची तार सोलून काढली होती. सरांनी सहा क्षारांचाच प्रबंध पाठवला. अपुरा म्हणून तो परत आला. जूनमध्ये नोकरी गेली.

मी गावाला वीज देणाऱ्या पॉवरहाऊसला गेलो, तिथली नोंदवही बघितली. मग तिन्ही सह्यावाल्यांना एकेक करून गाठलं. एकाला चहाच्या हॉटेलात, एकाला कचेरीत, एकाला मुलीच्या लग्नाच्या मांडवात. तिघांना एकच विचारलं, त्या दिवशी चुंबकाला वीज कुठून दिलीत?

तपासणीच्या दिवशी पॉवरहाऊसचं इंजिन दुरुस्तीला खोललेलं होतं. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत अख्ख्या धाराशिवात वीज नव्हती.