पंख्याचा हूक

हेब्बाळचं घर बाबांनी छत बघून घेतलं. छताला पंख्याचा हूकच नव्हता. बेंगळुरात हूक नाही म्हणजे घर थंड, असं त्यांच्या कारखान्यातले सगळे इंजिनिअर मानायचे. तो थंडावा शेजारच्या प्लॉटवरल्या झाडांचा आहे, हे एवढ्या शिकलेल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढे ती झाडं तोडली आणि पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापू लागली. आई अंथरुणाला खिळली त्या उन्हाळ्यात टेबलफॅनचा झोत तिला सोसत नसे. बाबा उशाशी बसून पेपरने वारा घालत.

ती गेल्यावर घर विकायला काढलं. दुपारी आलेलं पहिलंच गिऱ्हाईक वर बघून खुशीत म्हणालं, "हूक नाही? म्हणजे घर थंड!"

बाबांनी त्याचा हात धरला आणि पश्चिमेच्या भिंतीवर टेकवला.